धानोरीतला फ्लॅट, सुखोईचा आवाज आणि लोहगाव नेमकं कुणाचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात विमानतळाजवळ धानोरीत टू बीएचके बघताय, बघायला गेलात तेव्हा डोक्यावरून सुखोई, म्हणजे एअरफोर्सचं लढाऊ विमान, गेलं आणि मिसेसनी कानावर हात ठेवले. ब्रोकर म्हणाला काही काळजी करू नका, पुरंदरचा नवा एअरपोर्ट झाला की एअरफोर्स इथून हलणार. आणि सासरे म्हणतात लोहगावचा विमानतळ मुळात सिव्हिल, म्हणजे नागरीच होता, युद्धात मिलिटरीनं घेतला तो परत दिलाच नाही, तेव्हा आज ना उद्या आपल्याला मिळणारच. तर ह्या दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा, असं तुमचं म्हणणं.

आधी माझी बाजू सांगतो. मी एअरफोर्समधला नाही. १९९३ ते २०२१ अशी २८ वर्षं लोहगावला टर्मिनलच्या बाजूला ग्राउंड ऑपरेशन्समध्ये काढली, दोन-तीन कंपन्या बदलल्या पण एप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा, तीच. त्यामुळे तारेच्या पलीकडे आत काय चालतं ते मला विचारू नका, माहिती असतं तरी सांगितलं नसतं. पण एकाच रनवेवर लढाऊ विमान आणि प्रवासी विमान कसं नांदतं हे रोज उन्हात उभं राहून बघितलंय.

आता माझ्या मते तुमचा खरा प्रश्न "विमानतळ कुणाचा" हा नाहीच. खरा प्रश्न असा की उद्या वेगळं व्हायची वेळ आली तर सामान कोण बांधणार. वाड्यात वाढलेल्या माणसाला हे लगेच कळेल. भाडेकरूचा संसार कितीही मोठा झाला, त्यानं फरश्या बदलल्या, माडी वाढवली, तरी वाडा मालकाचाच राहतो. लोहगावात मालक एअरफोर्स आहे आणि आपण प्रवासी लोक भाडेकरू. आणि चौकातला एकच नळ दोघांत, तो म्हणजे रनवे.

आता हे असं का झालं ते जरा मागे जाऊन बघू, कारण सासरेबुवा अगदीच हवेत बोलत नाहीयेत. पुण्यात सिव्हिल विमानं आधी आली हे खरंच आहे, फक्त ती लोहगावला आली नाहीत. १९३२ साली टाटांची टपालाची विमानसेवा सुरू झाली, कराची-अहमदाबाद-मुंबई-बेल्लारी-मद्रास असा तो मार्ग होता. मुंबईत विमानं जुहूला उतरायची, आणि जुहू पावसाळ्यात अक्षरशः पाण्याखाली जायचं. मग काय करणार, तर पावसाळ्यापुरतं सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवायचं, इथे येरवडा जेलच्या शेजारच्या मैदानावर विमानं उतरवायची. जेआरडींनी स्वतः ही आठवण सांगितलेली आहे. बिऱ्हाड म्हणजे तरी केवढं, दोन लहान विमानं आणि मोजकी माणसं. ना टॉवर ना टर्मिनल. येरवडा ते लोहगाव अंतर काय आहे बघा, सात-आठ किलोमीटर फार तर. एखाद्या जुन्या माणसाच्या डोक्यात ही दोन मैदानं एक झाली तर मला नवल वाटत नाही.

लोहगावचं मैदान मात्र जन्मापासून लष्करी. १९३९ मध्ये ब्रिटिशांनी रॉयल एअर फोर्सचा तळ म्हणून ते सुरू केलं, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी. लोक विचारतात की मुंबईसाठी पुण्यात का? नकाशा उघडा म्हणजे समजेल. मुंबईचं बंदर सांभाळायचं तर विमानं जवळ हवीत पण समुद्राच्या तोंडावर नकोत. पुणं घाटाच्या मागे, पठारावर, विमानाला काही मिनिटांचं अंतर. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात साधारण सातशे, म्हणजे टाटांना जे कारण होतं तेच ब्रिटिशांनाही होतं. शिवाय सदर्न कमांड इथे, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून इथे, रेल्वे आहे, कॅन्टोन्मेंट आहे. सपाट माळ हवा होता तो लोहगावला मिळाला. दुसऱ्या महायुद्धात इथे स्पिटफायर, मॉस्किटो, वेलिंग्टन असली विमानं होती, आणि १९४७ मध्ये तळ आपल्या हवाई दलाकडे आला. मधे कुणी सिव्हिलवाल्याकडून तो हिसकावून घेतला असं काही झालेलं नाही.

बरं, जगात सगळेच युद्धकाळातले तळ लष्कराकडे राहिले असंही नाही. शेजारचंच बघा, मुंबईचा सांताक्रूझसुद्धा ब्रिटिश हवाई दलाचाच तळ होता. युद्ध संपल्यावर तो सिव्हिलकडे गेला आणि आज तिथे काय आहे ते आपल्याला माहितीच आहे. मग लोहगाव का नाही गेला? माझं स्वतःचं मत असं आहे, पटलं तर घ्या, की पुणेकरांना विमान नकोच होतं. १९३० पासून डेक्कन क्वीन आहे. सकाळी बसा, मुंबईत काम करा, रात्री घरी जेवायला. परदेशात जायचं तर सहार, त्यासाठी रात्री दोनला टॅक्सी. इंडियन एअरलाइन्सची मोजकी विमानं यायची, तेवढ्यासाठी छोटं टर्मिनल पुरत होतं. ज्या भाडेकरूला एक खोली पुरते तो वाडा कशाला मागेल?

आणि ह्या काळात मालक मात्र घर भरत होता. एकच प्रसंग सांगतो, कारण तुमच्या सासऱ्यांची गोष्ट नेमकी कुठली आहे हे त्यातून कळेल. डिसेंबर १९६१, गोव्याची मुक्ती. हवाई कारवाईसाठी विमानं दोन ठिकाणी गोळा केली होती, पुणे आणि बेळगावचं सांबरा. १८ डिसेंबरला बारा कॅनबेरा बॉम्बर विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर गेले आणि काही मिनिटांत ६३ हजार पौंड बॉम्ब त्या रनवेवर टाकले. फक्त रनवेवर हं, टर्मिनलची इमारत वगैरेंना हात लावायचा नाही अशी सक्त ऑर्डर होती. गंमत म्हणजे पोर्तुगीजांनी रात्रीत खड्डे बुजवून दोन प्रवासी विमानं त्याच रनवेवरून उडवून नेली! तर हे दाबोळी पोर्तुगीजांनी बांधलेलं, त्यांची प्रवासी विमानं तिथून जायची, आणि गोवा मुक्त झाल्यावर ते आपल्या नेव्हीकडे गेलं ते आजही नेव्हीकडे आहे. म्हणजे "आधी सिव्हिल, मग युद्धात मिलिटरीनं घेतला" ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, फक्त ती दाबोळीची आहे, लोहगावची नाही. सासऱ्यांना असं सांगा, पण जरा बेतानं सांगा.

नंतरचं भराभर सांगतो. १९८७ नंतर सुरुवातीची मिग-२९ लोहगावला होती. १९९७ ला पहिली सुखोई-३० इथेच, आणि २००२ ला सुखोई-३० एमकेआय इथेच, २० नंबरची स्क्वॉड्रन, लाइटनिंग्ज. ही यादी कौतुकासाठी देत नाहीये. दर वेळी नवीन विमान आलं की त्याच्याबरोबर हँगर, सिम्युलेटर, दुरुस्तीची यंत्रणा, दारूगोळ्याची कोठारं, क्वार्टर्स, शाळा असं सगळं येतं आणि ते जमिनीत मुरतं. ह्याला हलवणं म्हणजे ट्रकमध्ये सामान भरून नेणं नव्हे. म्हणून "एअरफोर्स हलणार" असं कुणी म्हणालं की मला हसू येतं.

आता भाडेकरूचं बघू. १९९४ नंतर खाजगी विमान कंपन्यांचा रस्ता कायद्यानं मोकळा झाला. मी तेव्हा नवीन होतो, दिवसाची सगळी फ्लाइट्स हाताच्या बोटांवर मोजायचो आणि दुपारी डबा शांतपणे खायचो. मग हिंजवडी झालं, मगरपट्टा झालं, २००३ नंतर स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या आणि डबा उभ्यानं खायची वेळ आली. २००५ मध्ये इथून परदेशी विमानं सुरू झाली. २००८ मध्ये तर थेट फ्रँकफर्ट. ते विमान बघायला आम्ही सगळे एप्रनवर जमलो होतो, आणि बघतो तर काय, एवढंसं विमान! जंबो वगैरे काही नाही, छोट्या विमानात मोजक्या बिझनेस क्लासच्या खुर्च्या. कारण काय, तर लोहगावचा मुख्य रनवे २,५३५ मीटरचा आहे. त्यात पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, एप्रिल-मे मधला उन्हाळा, हवा विरळ, म्हणजे पंखाला उचल कमी आणि इंजिनाला जोर कमी. टाकी फुल भरलेलं मोठं विमान अमेरिकेला जायचं तर रनवे अजून बराच लांब लागतो. एकतर प्रवासी कमी घ्या नाहीतर इंधन कमी घ्या. फायटरला अडीच किलोमीटर पुरतात, म्हणून मालकाला कधी घाई नव्हती. रनवे वाढवायचं बोलणं इतकी वर्षं चालूच आहे.

एकच नळ म्हणालो ना, तो रोज कसा वापरला जातो हेही सांगतो, कारण तुमच्या कानाशी त्याचा संबंध आहे. रनवे एअरफोर्सचा, टॉवरमध्ये बोलणारा कंट्रोलर एअरफोर्सचा, टर्मिनल आणि प्रवासी विमानांचा एप्रन एअरपोर्ट अथॉरिटीचा, दारावर सीआयएसएफ, म्हणजे केंद्राचं सुरक्षा दल. विमान कंपनीला पुण्याचा स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, हवी तर ती एअरफोर्सच्या होकाराशिवाय मिळत नाही. वर्किंग डेला, विशेषतः सकाळी, फायटरचं फ्लाइंग असतं, तेव्हा प्रवासी विमानांना एकतर वेळच नसते किंवा मधल्या फटीत काढतात. काही दिवशी संध्याकाळी नाइट फ्लाइंग. ह्याचं वेळापत्रक कायम बदलत आलंय, त्यामुळे अमुक ते अमुक वाजेपर्यंत असं मी लिहून देणार नाही, दिलं तरी पुढच्या सीझनला चुकीचं ठरेल.

आणि नळ बंद पडला की दोघांचंही अडतं. माझ्या ड्यूटीत कितीदा असं झालंय की फायटर उतरताना टायर गेला, विमान रनवेच्या मधोमध बसलं. जड विमान ते, जॅक लावा, चाक बदला, मग ओढत न्या, मग रनवे झाडून तपासा, कारण एक बारीक तुकडा पुढच्या विमानाच्या इंजिनात गेला तर संपलंच. तास दोन तास सहज जातात. तोवर वर घिरट्या घालणारी विमानं मुंबईला डायव्हर्ट, आणि इकडे काउंटरवर आम्ही. एकदा दिल्लीच्या फ्लाइटला एक अख्खं वऱ्हाड अडकलं होतं, नवरदेव मुंडावळ्यांची पिशवी छातीशी धरून तीन तास बसलेला, दर दहा मिनिटांनी येऊन विचारायचा, काका, काढलं का हो ते चाक? आमच्या तेव्हाच्या कंपनीनं त्या लोकांना एक वडापाव दिला आणि वर सांगितलं की उशीर "तांत्रिक कारणानं" आहे. खरं कारण सांगितलं असतं तर लोकांनी उलट समजून घेतलं असतं असं मला अजून वाटतं, पुण्यात फौजींचा मान आहे.

रनवेचं काम निघालं तेव्हा तर ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ सगळं बंद होतं, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात सलग चौदा दिवस एकही प्रवासी विमान नाही. पर्यायी रनवे आहे, १,८०० मीटरच्या आसपासचा, पण प्रवासी जेटला तो कामाचा नाही. ज्या शहरातून आता वर्षाला एक कोटीच्या वर लोक उडतात त्याची ही अवस्था. ४७५ कोटींचं नवं टर्मिनल झालं, मार्च २०२४ मध्ये उद्घाटन, जुलैत प्रवासी आत गेले. सुंदर आहे, मी जाऊन बघून आलो, पण खोल्या वाढल्या म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. (नाव जगद्गुरू संत तुकाराम महाराज विमानतळ ठेवायचा प्रस्ताव राज्य सरकारनं २०२४ लाच मंजूर केलाय, आणि तो मला मनापासून आवडला, कारण लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. एअरफोर्सच्याही आधीचा मालक शोधायचा तर तिथपर्यंत जावं लागेल.)

तर इथपर्यंतचं म्हणजे तळ पहिल्यापासून एअरफोर्सचा, आपण नंतर आलो, आणि आता जागा पुरत नाही. मग पुरंदरचं काय? २०१६ मध्ये पुरंदरची जागा जाहीर झाली, पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं. त्याआधी कित्येक वर्षं चाकण-खेडच्या बाजूची नावं चालली होती. गावकऱ्यांनी बरीच वर्षं विरोध केला, अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत त्यांच्या, त्यांच्या जागी मी असतो तर मीही सहज सही केली नसती. कधी होईल ह्यावर पैज लावू नका.

पण समजा झालं. मग लोहगावचं काय होतं हे बघायला ज्योतिषी नको, आधीची उदाहरणं आहेत. हैदराबादला २००८ मध्ये शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला, जुन्या बेगमपेटची नेहमीची प्रवासी विमानं तिकडे गेली आणि एअरफोर्स बेगमपेटला राहिली. गोव्यात जानेवारी २०२३ ला मोपाचा नवा विमानतळ सुरू झाला, काही कंपन्या तिकडे सरकल्या, दाबोळीवर नेव्ही जागच्या जागी. भाडेकरू नव्या फ्लॅटमध्ये जातो, मालक वाडा सोडत नाही. म्हणजे तुमच्या ब्रोकरनं गोष्ट बरोबर उलटी सांगितली आहे. पुरंदर झालं तर जाणार ती इंडिगो, एअर इंडियाची विमानं, ज्यांचा आवाज त्या मानानं काहीच नाही. सुखोई राहणार. उलट स्लॉटची मारामारी संपल्यामुळे त्यांना सकाळ-दुपार जास्त मोकळी मिळेल, फ्लाइंग वाढेल की तेवढंच राहील हे त्यांच्या गरजेवर, पण कमी होईल असं धरून घर घेऊ नका.

आता आवाज कितपत, हे मात्र खरंच जागेवर अवलंबून आहे आणि इथे मी ठाम बोलणार नाही. रनवेचं नाव १०/२८ आहे, म्हणजे कंपासवर एक तोंड १०० अंशाला, साधारण पूर्वेला, आणि दुसरं २८० ला, पश्चिमेला. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि उतरतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून उतरणारी विमानं वाघोलीच्या बाजूनं येतात आणि उडणारी टिंगरेनगर, विश्रांतवाडी, कळस ह्या अंगानं जातात. जास्त आवाज उडतानाच, त्यात फायटरनं आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारी सोय) लावला तर खिडकीच्या काचा बोलतात. हिवाळ्यात वारा पडलेला किंवा पूर्वेचा असेल तर गणित फिरतं. धानोरी ऐन रेषेवर नाही, उत्तरेला बाजूला आहे, त्यात धानोरी आता एवढी पसरलीये की एका टोकाला त्रास आणि दुसऱ्या टोकाला नुसती घरघर. मजला कितवा, खिडक्या कुठल्या दिशेला, मधे दुसरी बिल्डिंग आहे का, सगळ्याचा फरक पडतो. मी स्वतः तिशीपासून विमाननगरला राहतो, मला आता रविवारी शांततेनं जाग येते. पण तान्हं मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर माझं उदाहरण घेऊ नका.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. ब्रोकर शनिवार-रविवारीच फ्लॅट दाखवतात, त्यात सोय तुमची नसते, त्यांची असते. तुम्ही मंगळवार-बुधवार बघून सकाळी नऊ ते बारा तिथे जा, डबा घेऊन जा, खिडक्या एकदा उघड्या आणि एकदा बंद ठेवून बसा. एकदा पावसाळ्यात आणि एकदा थंडीत जमलं तर उत्तम. संध्याकाळी अंधार पडल्यावरही एक चक्कर मारा, आणि वॉचमनला विचारा, सेल्सवाल्याला नको.

आणि दुसरं, जे तुम्ही विचारलेलं नाही पण आवाजापेक्षा महाग पडू शकतं. बिल्डरकडे एअरफोर्सची एनओसी (ना हरकत दाखला) मागा, आणि नुसती "आहे सर" ऐकू नका, कागद हातात घ्या. त्यात परवानगीची उंची समुद्रसपाटीपासून दिलेली असते, जमिनीपासून नाही. म्हणून जागेची उंची किती धरली आहे ते बघा, आणि वरची लिफ्टची खोली, पाण्याची टाकी धरून बिल्डिंग त्यात बसते का हे तुमच्या आर्किटेक्टकडून तपासून घ्या. तळाच्या कंपाउंडपासून १०० मीटर आणि दारूगोळ्याच्या कोठाराभोवती ९०० मीटर असे बांधकामाचे निर्बंध आहेत, त्यात प्लॉट येत असेल तर बँक कर्ज देते म्हणून निर्धास्त राहू नका, सरळ उठून या. सर्व्हे नंबर घेऊन आधी महापालिकेत विचारा, टोकन नंतर द्या.